तोंड गोड

इंद्रकुमारचा मास्क काही खाली येईना.

नागऱ्याच्या शिवमंदिराच्या आवारात दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. एकीवर कामठ्याचा चैतराम, त्याची बायको शकुंतलाबाई आणि मुलगी गुंजन. दुसरीवर मुलगा इंद्रकुमार आणि त्याचा बाप यादोराव. मधे चांगलं दोन हात अंतर, कारण तिसरी लाट आली म्हणून टीव्हीवाले सकाळपासून कोकलत होते. घरात पाहुणे नकोत म्हणून तर पोरगी दाखवायचा कार्यक्रम देवळात ठेवला होता. चैतराम भारी भित्रा माणूस. बाजूने कोणी खोकत गेलं की नाकावरचा मास्क थेट डोळ्यांखाली ओढायचा.

"बेटी, मास्क जरा खाली कर. पाहू तर दे," यादोराव आल्याआल्याच म्हणाला होता. गुंजनने केला. बापलेकांनी तिला नीट पाहून घेतलं. रंग, नाक, दात, सगळं. आता ती उघड्या तोंडाने बसली होती आणि समोरचा झाकलेल्या. हा कुठला न्याय?

शकुंतलाबाईने डब्यातले पोहे वाढले, थर्मासमधला चहा दिला. इंद्रकुमारने मान वळवली, मास्कची खालची कड उचलली आणि चहा घशात ओतला. पोह्यांना हातही लावला नाही.

"बिमार तर नसल?" शकुंतलाबाई नवऱ्याच्या कानाशी लागली. "काहीच खाऊन नाही रायला."

चैतराम बसल्या जागी थोडा मागे सरकला.

"पोराची तब्येत बरी आहे ना जी?"

"एकदम ठणठणीत," यादोराव म्हणाला आणि मोबाईलवर दोन्ही डोसचं सर्टिफिकेट दाखवलं. "उलट तोच लई भेते बिमारीले. झोपतानाच मास्क काढते फक्त."

चैतरामचा जीव भांड्यात पडला. राईस मिलमध्ये सुपरवायझर, घरची धानाची शेती, आणि वर आपल्यासारखाच भित्रा. असा जावई शोधून सापडला नसता.

गुंजनच्या मनातून मात्र शंका जात नव्हती. आल्यापासून हा माणूस मोजकंच बोलला होता, आणि तेही दातांत टाचण्या धरून बोलावं तसं. मास्कमधून सगळेच बोलतात हल्ली, बसमध्ये, दुकानात. आवाज दबतो. पण शब्द असे चेपत नाहीत.

"तुमी बी खाली करा ना मास्क," ती म्हणाली. "मी केला तर."

"गुंजन," आईने डोळे वटारले.

"त्याले काऊन त्रास देते?" चैतराम म्हणाला. "नियम पाळून रायला पोरगा."

इंद्रकुमारने बापाकडे पाहिलं. बापाने कळसाकडे.

"आमाले पसंत आहे जी," यादोराव घाईघाईने म्हणाला. "तुमचं सांगा."

चैतरामला ती घाई दिसली नाही. तो इतका खूश झाला की उठलाच. देवासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा सोडला, हाताला सॅनिटायझर चोळलं आणि ते दोन हातांचं अंतर ओलांडून इंद्रकुमारपुढे जाऊन बसला.

"घ्या जावईबापू, तोंड गोड करा."

"हातात द्या जी," यादोराव म्हणाला. "खाईल तो मागून."

"हातात कसा? शगुन आहे. पोरीच्या बापानं भरवायचा असते."

आता सुटका नव्हती. इंद्रकुमारने मास्क हनुवटीखाली घेतला.

चेहरा चांगला होता. सरळ नाक, नीट कातरलेली मिशी. शकुंतलाबाई खुलली. गुंजनलाही वरमल्यासारखं झालं. उगाच संशय घेतला बिचाऱ्याचा.

पेढा ओठांशी गेला. ओठ उघडले, पण दात उघडले नाहीत. चैतरामने पेढा हलकेच रेटला, मग जरा जोरात. तो दातांवर चेपला आणि भुगा शर्टावर सांडला. वरच्या आणि खालच्या दातांत जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट होती. इंद्रकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं.

काय झालं ते कोणी विचारलं नाही. खर्रा गालात धरून बसणारी माणसं इकडे घरोघरी आहेत. सुपारी-तंबाखूने जबडा आखडत जातो आणि एक दिवस तोंड उघडेनासं होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुढे डॉक्टर कोणत्या रोगाचं नाव घेतात, तेही माहीत आहे.

"इलाज सुरू आहे जी," यादोराव म्हणाला. "खर्रा सोडला त्यानं. बारीक करून दिलं की सगळं खाते. बाकी पोरगा सोना आहे."

"मी म्हनलो होतो यायले, सांगून टाका," इंद्रकुमार त्या फटीतून म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शकुंतलाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. चैतराम कोणाकडेच बघत नव्हता. मिलमधली नोकरी होती, घरचं धान होतं, जावईबापू म्हणून झालं होतं. त्याने पुड्यातून दुसरा पेढा काढला. त्याचे दोन तुकडे केले. त्या तुकड्यांचे आणखी तुकडे केले. मग एक तुकडा चिमटीत धरून चुरू लागला.

गुंजनने त्याचं मनगट धरलं.

"बाबा," ती म्हणाली, "आनखी किती बारीक करता?"