आरशातली बाही

अरेझ्कीने मोटारसायकल खोलून तिचे भाग जेवणाच्या टेबलावर मांडले, त्यानंतर अख्खा रमजान उलटून गेला. बोलून बोलून वरदियाचं तोंड दुखलं. शेवटी नवऱ्याला लाज वाटावी म्हणून तिने ब्रश उचलला. कुसकुस वाढायच्या थाळीत पिस्टन, डाळिंबांच्या रांगेत प्लग, सापासारखी वेटोळं घालून बसलेली चेन आणि मागे टेकवलेला गाडीचा गोल आरसा, असं झकास चित्र तिने काढलं. शेजारणी पोट धरधरून हसल्या.

चित्रातल्या आरशात तिने एक रिकामी खुर्ची रंगवली होती. सकाळी त्या खुर्चीवर एक हिरवी बाही दिसली.

"माझ्या चित्राला हात लावलास?" ती अरेझ्कीवर कडाडली.

"अगं बाई, मला सरळ रेघ ओढता येत नाही!"

तिने बाही खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, आणि तिला खांदा फुटला होता. तोही खरवडला, तर तिसऱ्या दिवशी परत उगवलेल्या खांद्यावर केसांची बट रुळायला लागली.

"उचल हा पसारा! आत्ताच्या आत्ता!"

तिचा अवतार पाहून अरेझ्कीने निमूटपणे अंगणात गाडी जोडायला घेतली. अंगणात दोघंच होती. वरदिया धुसफुसत समोरून हँडल धरून उभी राहिली. शेवटी त्याने तोच गोल आरसा बसवला, सीटवर बसून तो जरा फिरवून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"वरदिया," तो हळूच म्हणाला, "तुझ्या पाहुणीला जरा बाजूला व्हायला सांग ना. मला मागचं काही दिसत नाहीये."