धुराड्याची परीक्षा

प्रदूषण मंडळाची गाडी फाटकातून आत शिरली आणि वर्षाराणीनं मोठ्या हौसेनं धुराड्याकडं पाहिलं. बॉयलरची घरघर ऐकू येत नव्हती. ती तडक दाराकडं धावली.

दोन महिने ती या दिवसाची वाट पाहत होती. मुरुडबाहेरच्या त्यांच्या सोयाबीन तेलाच्या गिरणीत बॉयलर चालवायच्या संमतीपत्राची मुदत संपत आली होती. धूर गाळणारं नवं यंत्र तिनंच सासऱ्यांशी भांडून बसवून घेतलं होतं, ते चालताना अजून कुणी पाहिलं नव्हतं, आणि आज धुराड्यातली हवा मोजली जाणार होती. हंगाम आठ दिवसांवर. आज माप निघालं नाही तर पुढची तारीख दिवाळीनंतर, आणि तोवर गिरणीला कुलूप.

सासरे सिद्रामप्पा मात्र पांढरंशुभ्र धोतर नेसून, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढून, ताटात हार घेऊन दारात उभे होते.

"मामा, बॉयलर बंद कसा काय?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"पाव्हणे येणार अन् आपण त्यांच्या तोंडावर धूर सोडायचा व्हय? काल रात्री मापासाठी पेटवला होता, तो पहाटंच विझवायला लावला. गड्यांना बी सुट्टी दिली. बघ की, धुराची एक रेघ न्हाई."

म्हातारा इतका खूश होता की वर्षाराणीला हसावं की रडावं कळेना.

गाडीतून उतरलेल्या अधिकारी धम्मप्रिया मॅडम वयानं तिच्याहून लहान असतील. त्यांनी हार घेतला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि शांतपणे समजावलं की थंड धुराड्यातून काहीच मोजता येत नाही. बॉयलर पूर्ण ताकदीनं चालत असला तरच माप खरं. मग घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. तीनला त्यांना औशात पोचायचं होतं. एक वाजेपर्यंत वाफ तयार झाली तर माप घेऊ, नाहीतर पुढच्या तारखेला, असं त्या म्हणाल्या.

बॉयलर सांभाळणाऱ्या भुजंगनं डोकं खाजवलं. थंड बॉयलरला पुरी वाफ धरायला तीन तास लागतात, हे त्यानं मान खाली घालूनच सांगितलं.

सिद्रामप्पांचा चेहरा उतरला. क्षणभर ते हातातल्या रिकाम्या ताटाकडं बघत राहिले. मग त्यांनी ताट खाली ठेवलं, सदरा काढून फाटकाला अडकवला आणि बॉयलरच्या अंगाला तळहात लावून पाहिला.

"पाणी अजून कोमट हाय. भुजंग, चल."

भुजंग जन्माला यायच्या आधी या माणसानं बॉयलरमध्ये भुसकट टाकलेलं होतं. सत्तरीतला म्हातारा फावडं घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला, आणि गिरणीत एकदम लगीनघाई सुरू झाली. वर्षाराणी फोनवर फोन करत सुटली. गडी मोटारसायकलींवरून ट्रिपलसीट येऊ लागले. चन्नबसप्पा तर न्हाव्याच्या खुर्चीतून तसाच उठून आला, अर्धी दाढी झालेली, अर्धी राहिलेली. त्याच्याकडं बघून हसायलाही कुणाला वेळ नव्हता.

वाफेचा काटा सातवर न्यायचा होता, पण तो हलेना. मग हलला. दोन. तीन. वर्षाराणी काट्यासमोर उभी राहून आकडे ओरडत होती आणि प्रत्येक आकड्याला भट्टीपाशी फावडं जोरात खणखणत होतं. पाचवर काटा अडला तेव्हा तिनं काचेवर बोटानं टिचकी मारून पाहिली. साडेबारा झाले. मग सहा, मग सात. एकाला पाच मिनिटं कमी असताना सगळी यंत्रं एकदम धडधडू लागली आणि पायाखालची जमीन थरथरली.

मॅडमचा माणूस शिडीवरून वर चढला. धुराड्याच्या भोकात त्यानं लांब नळी घातली. सिद्रामप्पा घाम पुसत अंगणात आले, वर बघितलं आणि घाबरले.

"विझला का काय? धूर कुठं हाय?"

भुजंगनं भट्टीचं दार उघडून दाखवलं. आत लालभडक जाळ होता, आणि वर धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. म्हातारा एकदा खाली बघे, एकदा वर. त्याचा विश्वासच बसेना.

पाऊण तासानं नळीतला गाळणीचा कागद बाहेर आला. मॅडमनी तो उजेडात धरला. फिकट राखाडी होता. प्रयोगशाळेत वजन झाल्याशिवाय आपण काही बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या, पण बोलताना हसल्या. म्हणाल्या, इतका स्वच्छ कागद फार दिवसांनी बघतेय. दोन पोरांची आई असलेल्या वर्षाराणीनं जागच्या जागी उडी मारली. अर्ध्या दाढीचा चन्नबसप्पा टाळ्या वाजवू लागला, आणि बाकीच्यांनीही त्याला साथ दिली. आनंद कुणाच्या पोटात मावत नव्हता.

तेवढ्यात धूर गाळणाऱ्या यंत्राखालची झडप भुजंगनं उघडली. पिठासारखी बारीक राख सळसळत पोत्यात पडू लागली, आणि अर्धं पोतं भरलं तरी थांबेना.

सिद्रामप्पा जवळ गेले. राख चिमटीत धरून चोळून पाहिली.

"एवढी? अडीच तासांत? तीस वर्सं बॉयलर चालवला, एवढी राख कधी निघाली न्हाई."

"निघत होती, मामा."

"मग जात कुठं होती?"

गिरणीमागच्या घरातून सासूबाई, उमादेवी, चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी पोत्यात एकदा डोकावून पाहिलं.

"मी झाडत होते की रोज," त्या म्हणाल्या, आणि पहिला कप मॅडमच्या हातात दिला.