देवाच्या पाठीवरचं ऊन

मागच्या रविवारी देवाच्या तोंडावर पडलेलं ऊन आज देवाच्या पाठीवर होतं, आणि जिजाबाईंचा संशय पक्का झाला.

"वैभवी, देव हलवले काय वं?"

"नाही आई. जिथल्या तिथंच आहेत." फोनमधल्या सुनेनं निरांजन खाली ठेवलं आणि चटकन नवऱ्याकडे पाहिलं.

इकडे सक्करदऱ्यात दुपार आणि तिकडे विलायतेत सकाळ झाली की दर रविवारी सून पूजा करायची आणि खिडकीशी मांडलेले देव फोनवरून दाखवायची. दर्शन हे निमित्त. हात जोडता जोडता जिजाबाई पोराच्या नव्या घराची झडती घ्यायच्या. आणि त्या घराचं काही खरं नव्हतं. ओटा तोच, शेगडी तीच, पडद्यावरची फुलंही तीच. खिडकीबाहेर मात्र कधी विटांची भिंत, कधी झाडी, एकदा तर गायी! दार कोणत्या दिशेला म्हटलं की ऋषिकेशला खोकला यायचा. पत्ता मागितला की रेंज जायची. शेजारच्या भीमाबाईंनी तर निदानच करून टाकलं होतं, "सून येगळी राहत असन वं. रविवारपुरती येते पूजेले." तेव्हापासून जिजाबाईंना अन्न गोड लागेना. कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

"सकाळचंच ऊन आहे ना ते?"

"हो आई," ऋषिकेश म्हणाला.

"मंग सूर्य फिरला का घर फिरलं?"

ऋषिकेश हसला. लहानपणी पेरू चोरून आल्यावर हसायचा, अगदी तसाच. "तू बी ना आई! मोबाइलमध्ये उलटं दिसते."

"मले नको शिकवू."

दिवाणावर त्यांचे यजमान मनोहरराव पेपर धरून बसले होते. सकाळपासून पान उलटलं नव्हतं. "झालं ना दर्शन? ठेव आता फोन," ते म्हणाले. एरवी पोराशी बोलून ज्या माणसाचं मन भरत नाही, तो फोन ठेव म्हणतो! जिजाबाईंनी त्यांच्याकडेही डोळे बारीक करून पाहिलं.

पण सुनेपुढे तमाशा नको, म्हणून त्यांनी आवरतं घेतलं. "बरं, ठेवतो. पाण्यापासून दूर राहजो बापा," हे नेहमीचं वाक्य त्या बोलल्या. बारशाला गुरुजींनी पत्रिका पाहून पोराला पाण्यापासून घात सांगितला होता. त्या दिवसापासून हाकेच्या अंतरावरचा तलाव ऋषिकेशला बंद. गणपती विसर्जनालाही तो रस्त्यावर, आईच्या मुठीत.

"हो आई," तो खाली बघत म्हणाला.

वैभवीनं पडद्याला हात घातला.

"पडदा काहून लावून राहिली?"

सुनेचा हात थांबला. तेवढ्यात देवामागच्या खिडकीतून एक गोरा म्हातारा गेला. हातात चहाचा कप, कमरेपासून वरच तेवढा दिसत होता. तो चालत नव्हता. उभ्याउभ्या सरकत होता. त्याच्यामागून एक धुराडं सरकत गेलं, मग फुलांच्या कुंड्यांची रांग. आणि मग पोराचं अख्खं स्वयंपाकघर हळूच डोललं. तांब्यातलं पाणी हिंदकळलं. बाळकृष्ण कलला, वैभवीनं त्याच्याकडे न बघताच त्याला सावरलं, रोजची सवय असावी तसं.

नाव! पोरगं नावेत राहत होतं!

जिजाबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. ओरडावं, की फोन आपटावा? इतके दिवस आपल्याला येड्यात काढलं, या रागानं डोळे भरून आले. समोर ऋषिकेशचं हसू पार उतरलं होतं. आणि वैभवीनं एका हातानं देव धरला होता, दुसऱ्या हातानं नवऱ्याची बाही. येगळी राहणाऱ्या बाईचा हात तसा नसतो.

"वैभवी," त्या म्हणाल्या, "तुले पोहता येते काय वं?"

"येते आई."

"आई, मी सांगणारच होतो," ऋषिकेश घाईनं बोलू लागला. "इकडच्या नहरा-कालव्यानं फिरतो आम्ही. काम लॅपटॉपवर होते. पंधरा दिवस इथं, पंधरा दिवस तिथं. तू घाबरशील म्हणून…"

"तुले नाही इचारलं मी."

"कमरेएवढंच पाणी असते त्या नहरात," मनोहरराव पेपरामागून बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

जिजाबाई सावकाश वळल्या. म्हणजे हेही सामील!

"तुमचं मागून पाहतो," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ घेतला. "कमरेएवढं हाय ना? मंग बरंच झालं. पोहणं तेवढ्याच पाण्यात शिकतात. वैभवी, उद्यापासून उतरव त्याले."