न वाजणारा डबा

"अहो, रिक्षा जरा हळू घ्या. डबा वाजतोय," जलजाक्षी मागून म्हणाली.

"वाजू दे की. मास्तरांचा कधी वाजला नाही, तुझा तरी वाजू दे," रिक्षा चालवणारा तिचा नवरा लोकय्या म्हणाला.

तिच्या मांडीवर बिस्किटांचा नवाकोरा पत्र्याचा डबा होता. वर जुन्या साडीचं फडकं बांधलेलं, मधोमध मूठ जाईल एवढं भोक. विड्या वळणाऱ्या बायकांच्या सोसायटीनं गावच्या शाळेत दर शनिवारी पैशाचा तास सुरू करायचं ठरवलं होतं. पासबुकं सोसायटीची, शिकवणार चिटणीस जलजाक्षी. तिच्याइतका चोख व्यवहार गावात कुणाचा नाही, असं सगळे म्हणत. ते ऐकलं की ती विषय बदले.

चाळीस वर्षांपूर्वी त्याच शाळेत दूमप्प मास्तर मुलांची बँक चालवत. त्यांची रीत न्यारी होती. शनिवारी सगळ्यांनी रांगेत यायचं, पैसे असोत वा नसोत. बंद मूठ फडक्याखाली घालायची, आत उघडायची आणि मास्तरांच्या कानात आकडा सांगायचा. मास्तर तो पासबुकात लिहीत. डब्याच्या तळाशी काथ्याचा जाड थर असे, त्यामुळे नाणं पडल्याचा आवाज होत नसे. गरिबाच्या पोराची मान खाली जाऊ नये, एवढाच मास्तरांचा हेतू.

ते शनिवार जलजाक्षीला अजून आठवत. खिडकीतून येणारा सुक्या मासळीचा वास, मास्तरांच्या टाकाची करकर, आणि शेवटी प्रत्येकाच्या तळहातावर एक गुळाचा खडा. तशी चव तिला पुढे कुठल्या मिठाईत सापडली नाही.

रांगेत तिच्या अगदी पाठीमागे लोकय्या असे. पहाटे बंदरावर मासळी निवडून तो तसाच शाळेत यायचा. वर्गात स्वतःची कमाई हातात असणारा तो एकटाच, आणि वर्षअखेरीला पासबुकं वाटली की कोरं पासबुक निघायचं ते त्याचंच. वर्गानं त्याचं नाव ठेवलं, शून्य लोकय्या. लग्नाला तीस वर्षं झाली तरी जलजाक्षीनं ते सोडलं नव्हतं. "ह्यांची सगळी कमाई गोळीबजीची भजी खाण्यात गेली," असं ती येईल त्या पाहुण्याला सांगे, आणि लोकय्या हसे.

पहिल्या तासाला मास्तरांनाही न्यायचं होतं; त्यांच्या दारात रिक्षा थांबली. जलजाक्षी एकटीच आत गेली. पंच्याऐंशीचे मास्तर धुतलेला सदरा घालून तयारच बसले होते.

"मास्तर, तासाआधी एक सांगायचंय."

"सांग की. परीक्षा आहे का तुझी?"

"आठवी ते दहावी, दर शनिवारी मी तुमच्या कानात पावली सांगितली. डब्यात एकदाही टाकली नाही." तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. "मी वळलेल्या विड्यांचे पैसे अप्पा बंदराच्या वाटेवरच, सगळ्यांदेखत काढून घ्यायचे. शून्य म्हणायची लाज वाटायची. शेवटी तुम्ही तीस रुपये हातात ठेवलेत, त्यातून मी परीक्षेची फी भरली. ती चोरीच. पदरचे तुम्हीच घातले असणार."

तिनं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. "हे घ्या. नाहीतर त्या पोरांपुढे उभं राहायला मला तोंड नाही."

मास्तरांनी पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी कुठून घालणार गं? घरात चार लेकरं. महिनाअखेरीला मीच मेहुण्याकडे हात पसरायचो."

"मग?"

"डबा मी दर शनिवारी दोनदा मोजायचो. एकदाही पावली कमी आली नाही. कमी यायला हवी होती, हेच मला आज कळतंय."

मास्तरांचं वय झालं, विसरले असतील, असं तिला वाटलं. बाहेर लोकय्यानं भोंगा वाजवला. मास्तरांनी पाकीट तिच्या पिशवीत कोंबलं आणि काठी उचलली.

शाळेत सातवीची मुलं रांगेत उभी होती. जलजाक्षीनं रीत समजावली, शून्य लोकय्याची गोष्टही सांगितली. मुलं खदखदून हसली. दारातला लोकय्यासुद्धा हसला.

पहिल्या मुलानं मूठ आत घातली आणि डबा खणकन वाजला.

"जलजा, काथ्या घातला नाहीस होय?" मास्तर हळूच म्हणाले.

तिनं जीभ चावली. सगळं आठवलं आणि नेमकं तेच राहिलं. पण रांग आता सुरू झाली होती.

"ए शून्य, तिथं काय उभा? तूही ये रांगेत," मास्तरांनी हाक मारली. लोकय्या मान खाली घालून शेवटी जाऊन उभा राहिला.

एकेक मूठ येत होती, डबा वाजत होता, जलजाक्षी आकडे लिहीत होती. मुलांमध्ये सगळ्यात शेवटी चैत्रा नावाची बारकी मुलगी होती. तिनं मूठ इतकी घट्ट आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. मूठ फडक्याखाली गेली आणि बाहेर आली. काहीच वाजलं नाही.

"दहा रुपये," ती जलजाक्षीच्या कानात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पैसे टाकून बाजूला उभी असलेली दोन-तीन मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. जलजाक्षीचा हात क्षणभर थांबला. मग तिनं चैत्राच्या पासबुकात नीट अक्षरात दहा लिहिले आणि मान वर केली.

चैत्राच्या मागून लोकय्या पुढे आला. त्यानं मूठ फडक्याखाली घातली, बायकोच्या कानाशी वाकून "शून्य" म्हणाला, आणि डबा खणकन वाजला.