वरची की खालची

पेटीने पुन्हा शिट्टी मारली तसा जावई टेबलाखाली वाकला आणि झाकणाचे स्क्रू काढू लागला. आत दोन डिस्क होत्या, एकीखाली एक.

"एक खराब झालीय, बाबा. नवी आणलीय मी. बदलली की झालं," तो खुर्चीतल्या सासऱ्यांना म्हणाला.

बाबांना ते माहीत होतं. पेटी, म्हणजे घरचा छोटा संगणक, त्यांनीच जोडली होती. घरातले फोटो, गाणी, दारावरचा कॅमेरा, सगळं तीच सांभाळायची. आत प्रत्येक कामाच्या प्रोग्रामला जणू वेगळा डबा, म्हणजे एक सांडला तरी शेजारच्याला ओल लागू नये. "आपलं ते आपल्या घरात," असं म्हणत त्यांनी सगळ्यांच्या फोनमधले व्हिडिओ पेटीत टाकून घेतले होते आणि फोन रिकामे करायला लावले होते. दोन्ही डिस्कवर सारखंच लिहिलेलं असे. एक गेली तर दुसरी होती. आणखी एक प्रत थोरल्या मुलाच्या घरी ठेवायची होती, पण त्याआधीच झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

शब्द डोक्यात जागच्या जागी होते, तोंडाशी येता येता बदलायचे. पाणी हवं असलं की "दार" यायचं. हल्ली तेही येईना, नुसती घरघर. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, यांचे जुने व्हिडिओ दाखवा, स्वतःचा आवाज ऐकला की जीभ वळते कधी कधी. व्हिडिओ काढायला घेतले तर पेटी अडून बसली.

"स्क्रीनवर लिहिलंय, एक नंबरची डिस्क," जावई म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता. "म्हणजे वरची. पण चिमटा लावायच्या आधी पेशंटला विचारलेलं बरं. काय बाबा, वरचीच ना?"

पेटी शून्यापासून मोजायची. वरची शून्य, खालची एक.

बाबांनी डावा हात उचलला, पण तो शेजारी बसलेल्या मुलीच्या हातात होता. त्यांनी ओढला, तिने जास्तच घट्ट धरला. "घाबरू नका, बाबा. नीट करतोय तो." त्यांनी मान हलवली. ती आडवी हलली की उभी, त्यांना स्वतःलाच कळलं नाही. नाही, नाही, नाही, असं त्यांनी मनात जुळवलं, सगळा जोर लावून ते ओठांपर्यंत आणलं.

"हो," ते म्हणाले.

स्वच्छ. खणखणीत.

मुलगी तोंडावर हात ठेवून तशीच बसली. मग रडायला लागली. "बोलले. अरे, बाबा बोलले." जावयाच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याने पेटी बंद केली, वरची डिस्क काढली, तिथे नवी बसवली आणि पेटी पुन्हा सुरू केली. स्क्रीनवर निळी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. खालच्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरत होतं.

"वेळ लागेल," काढलेली डिस्क घेऊन तो उठला. "तोवर हिला भोक पाडून टाकतो. बाबांचा नियमच आहे, जुनी डिस्क अशीच कचऱ्यात टाकायची नाही, कुणीही वाचू शकतं."

बाबा खुर्चीतून पुढे झुकले. "हो," ते म्हणाले. "हो, हो, हो."

"बघ ना, थांबतच नाहीत आता," मुलगी हसत डोळे पुसत म्हणाली. बाबा पडू नयेत म्हणून तिने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून मागे टेकवलं आणि उशी सारखी केली. मग दादाला दाखवायला म्हणून फोनचा कॅमेरा सुरू करून त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

गॅलरीत ड्रिल सुरू झालं. आधी घूं घूं, मग धातूत शिरल्यावर चिरका आवाज. बाबांनी डोळे मिटून घेतले. पेटीत खालची डिस्क टक टक करत होती. थोड्या वेळाने ती टकटक थांबली.

जावई हातावरचा चुरा झटकत आत आला. स्क्रीनकडे बघून उभाच राहिला. निळी पट्टी गेली होती. एकही डिस्क वाचता येत नाही, असं तिथे लाल अक्षरात लिहिलं होतं. त्याने हातातल्या डिस्ककडे पाहिलं. भोकातून पलीकडची फरशी दिसत होती.

तो सासऱ्यांकडे वळला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "खालची होती का?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हो."

"छान," फोन स्थिर धरत मुलगी म्हणाली. "आता अजून एकदा, बाबा. थोडं मोठ्याने."