एक पिशवी जास्त

गॅसच्या फुग्यातून माणसं नेताना मी प्रत्येकाने सांगितलेल्या वजनात पाच किलो मिळवतो. खरं वजन कुणीच सांगत नाही. माझी थोरली बहीण वर्षातून एकदा येते, माझ्याबरोबर एक फेरी मारते आणि गेली वीस वर्षं साठच सांगते.

यंदाही जाडजूड कोट घालून ती टोपलीत चढली. "साठ. लिही."

मी मनात पासष्ट धरले, त्या हिशेबाने वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि टोपली धरून उभ्या असलेल्यांना हात काढायला सांगितले. फुगा जमिनीलगत तोलून राहायला हवा होता. तो सरळ वर निघाला. चौघांनी लोंबकळून त्याला खाली ओढलं.

वारा नव्हता. गॅस मोजून भरलेला होता. मी पंधरा किलोची आणखी एक पिशवी आत ठेवली, तेव्हा कुठे तो जागेवर थांबला.

"तुझं गणित कच्चं ते कच्चंच," ताई म्हणाली.

"ताई, यंदा किती वाढवून सांगितलंस?"

तिने कोटाचं वरचं बटण लावलं.

"दहा. चल, उडव आता. एकदा वरून सगळं नीट बघून घेऊ दे."