चेनची राखण

युवराजने खुर्ची अशी ओढून घेतली, की भटूचे दोन्ही हात सतत दिसावेत. एरंडोलच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची गाडी तोंड उघडून उभी होती. बंपर भिंतीला टेकवलेला, रेडिएटर गोणपाटावर ठेवलेला. भटू पुलीचा नट सैल करत होता.

उद्या चाळीसगावला त्याच्या मुलीचा, पुनमचा साखरपुडा होता. मुलीकडच्यांनी भाड्याच्या गाडीतून उतरायचं, हे युवराजला मरणाहून वाईट वाटत होतं. त्यातही घाई होती ती वेगळ्याच कारणाने. पुनमचं कॉलेजातल्या कुणा स्वप्नीलशी जमलं होतं. मुलगा नोकरीला होता, पण जातीतला नव्हता. युवराजने तिचा मोबाईल काढून घेतला आणि पंधरवड्यात दुसरं स्थळ पक्कं केलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सकाळी गाडी चालू केली की इंजिनमधून साखळी खडखडल्यासारखा आवाज येऊ लागला.

टायमिंग चेन ढिली झाली होती. धुळ्यातले मोठे गॅरेजवाले आठ दिवस मागत होते. एका दिवसात हे काम करणारा माणूस युवराजच्या धाकट्या भावाने, किरणनेच, शोधला. नाव ऐकून युवराज चमकला.

"भटू? रूपाचा भाऊ?"

"हात त्याचाच आहे, दादा," किरण खाली बघत म्हणाला. "पण समोरून हलू नका. चेन एक-दोन दात चुकवून बसवली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. गाडी भर रस्त्यात बंद पडेल."

भटूला तसं करायचं कारण होतंच. कधीकाळी किरण आणि रूपा लग्नाची नोंदणी करायला निघाले होते. तेव्हाही जातच आडवी आली होती. युवराजने चार माणसं नेऊन रूपाला भर चौकात रिक्षातून खाली ओढलं. तिच्या बापाला लोकांसमोर हात जोडायला लावले. तो म्हातारा त्यानंतर घराबाहेर पडला नाही, आणि वर्षभरात गेला. रूपाने लग्न केलं नाही. किरणने मात्र हूं की चूं केलं नाही. दाखवली त्या मुलीशी लग्न केलं आणि गुमान खताच्या दुकानात बसला. युवराज चारचौघांत सांगायचा, भाऊ असावा तर असा.

भटूची आई द्रौपदाबाई चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने युवराजकडे असं पाहिलं, की त्याने कपाला हात लावला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. चहावर साय धरली, तिच्यावर माशी बसली.

"रूपा दिसत नाही," तो उगाच म्हणाला.

"धुयाले गयी," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

ती धुळ्याला गेलीय म्हटल्यावर युवराजला बरं वाटलं. त्या पोरीच्या नजरेला नजर द्यायची त्याची आजही छाती नव्हती.

दुपारी वरचं झाकण निघालं. आत दोन चेन होत्या, दोन्ही ताणून सैल झालेल्या. युवराजने उठून फोटो काढले. चेनवरची कोणती खूण दातेरी चाकावर कुठे येते, हे त्याने रात्री जागून व्हिडिओत पाहिलं होतं. भटू एकही शब्द न बोलता काम करत होता, आणि त्या न बोलण्याचीच युवराजला जास्त धास्ती वाटत होती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, जेवी या," भटू हात पुसत म्हणाला. "घर जाई या हवं तं. काम सांजलगून चाली."

युवराज सावध झाला. म्हणजे याला मी इथून जायला हवाय. बसने धुळ्याला घरी जाऊन यायचा विचार मनात आला होता खरा, तो त्याने तिथेच झटकला. खुर्ची आणखी पुढे ओढली आणि उपाशीच बसून राहिला.

तेवढ्यात किरणचा फोन आला. चेन बसली का, म्हणून विचारत होता.

"आता बसवतोय. पुनम?"

"खोलीतच आहे. टेलरकडे ब्लाऊज राहिलाय, मी सोबत नेऊन आणतो. तुम्ही मात्र नजर हटवू नका, दादा."

दोन्ही नव्या चेन चढल्या. युवराजने खुणा स्वतः बोट ठेवून तपासल्या. तरी समाधान होईना. मग भटूने पानाच त्याच्या हातात दिला आणि इंजिन हाताने दोन वेळा पूर्ण फिरवायला सांगितलं. दात चुकला असेल तर इथेच अडकेल, म्हणाला. युवराजने घाम पुसत फिरवलं. कुठे अडलं नाही. खुणा पुन्हा जागच्या जागी आल्या.

ऊन उतरलं तेव्हा गाडी चालू झाली. आवाज लोण्यासारखा. युवराजच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता त्याला हसू फुटलं, जरा मस्तीही चढली.

"तुझ्या जागी मी असतो ना भटू, तर एक दात चुकवलाच असता."

भटूने पाना पुसून पेटीत ठेवला.

"इंजिननी काय चुकी शे, भाऊ?"

 कसला बदला घेणार हा, युवराजच्या मनात आलं, दिवसभर उगाच घाबरलो. त्याने गाडीत बसून किरणला फोन लावला. गाडी झाली, पुनमला सांग, उद्या सकाळी लवकर निघायचं, म्हणाला.

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"पुनमचं लग्न दुपारीच लागलं, दादा, स्वप्नीलशी," किरण म्हणाला. "साक्षीदारांत पहिली सही माझी आहे. दुसरी रूपाची."